बॉम जीझस बॅसिलिका, जुने गोवे

गोव्यातील तिसवाडी तालुक्यात, मांडवीच्या दक्षिणेस असलेले रोमन कॅथलिक चर्च. जेझुइट (येशूसंघीय) धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) यांचे अवशेष येथे आहेत. गोमंतकीय त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली व १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांनी चर्चचा अभिषेक केला. १९४६ मध्ये त्यास ‘लघु बॅसिलिका’ हा पोपकडून दिला जाणारा मानाचा दर्जा मिळाला. गोव्यातील चर्चे व मठ यांच्या समूहात ते १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

इमारत जांभ्याची असून दर्शनी भागातील स्तंभ व कोरीवकाम यांसाठीचा काळा दगड वसईहून आणला होता. लाल जांभा उघडा दिसतो म्हणून तेच या वास्तूचे मूळ रूप, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात, स्मारक अधिक ‘प्राचीन’ दिसावे या कल्पनेने काढण्यात आला. जांभा सच्छिद्र असल्याने तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी पितो आणि झिजतो. गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर मतभेद आहेत. संरक्षणाच्या दृष्टीने चढवावा हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आत सोनेरी वर्ख दिलेली मुख्य वेदी, तिच्यावर बाल येशू आणि त्यामागे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आहे.

झेवियर यांचे देहावसान ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर झाले. पुढे अस्थी नेता याव्यात, मांस लवकर झडावे, म्हणून शवपेटीत चुना भरला होता. काही महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा आढळला, अशी नोंद आहे. तो मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आला. पोर्तुगीज वैद्यांनी तपासून शवलेपन केलेले नसल्याची ग्वाही दिली. या ग्वाहीवर ‘अविनाशी देह’ ही श्रद्धा उभी आहे. आज मात्र जो दिसतो तो वाळून आक्रसलेला देह आहे, आणि चर्चही सध्या सामान्यतः ‘पवित्र अवशेष’ हाच शब्द वापरते. १६१४ मध्ये उजवा हात कापून त्याचा पुढचा भाग रोमला पाठविला गेला. तो तेथील जेझू चर्चमध्ये आहे. देह प्रथम संत पॉल महाविद्यालयात होता. तेथून तो बॉम जीझसमध्ये केव्हा हलविला याविषयी एकवाक्यता नाही: संतपद बहाल झाले ते १६२२ हे वर्ष काही ठिकाणी दिले जाते, परंतु १६२४ हे अधिक ग्राह्य दिसते. चांदीची पेटी गोव्यातील कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडविली. आतील काचेची पेटी बरीच नंतरची, विसाव्या शतकाच्या मध्यातील असावी. दोन्ही एकाच वेळच्या मानण्याची चूक वारंवार होते. खालचे संगमरवरी स्मारक टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांची भेट होय. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी घडविलेले हे स्मारक १६९८ मध्ये बसविले गेले.

मराठ्यांच्या इतिहासातही या पेटीचा उल्लेख येतो. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुने गोवे शहराजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने आपली अधिकारदंडिका संतांच्या पायाशी ठेवून शहर वाचविण्याची याचना केली. पोर्तुगीज परंपरा सुटकेचे श्रेय संतांना देते. मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठ्यांना मागे फिरावे लागले, हे कारण पुरेसे आहे.

पहिले जाहीर शवप्रदर्शन १७८२ मध्ये झाले. देह बदलला गेल्याची कुजबुज थांबविणे हा त्यामागील हेतू होता. ‘दर दहा वर्षांनी’ हा नियम १९६४ पासूनच काटेकोर दिसतो. त्याआधीची अंतरे अनियमित होती. प्रदर्शनासाठी देह समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. अलीकडचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले.

३ डिसेंबरच्या फेस्ताआधी (संतांच्या सणाआधी) नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, असते. सिंधुदुर्ग व बेळगाव भागांतून भाविक पायी येतात. बाहेर मेणबत्त्यांसोबत मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात: जो अवयव दुखतो तो नवसाला वाहायचा. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, अशी अपेक्षा असते. एरवी पेटी उंचावर असल्याने खालून चांदीचे कोरीवकामच ठळक दिसते आणि बाजूच्या काचेतून देहाची ओझरती झलक मिळते.