दंगल, स्फोट, सीमेवरचा गोळीबार : अपंगत्व आलेल्या नागरिकाची 5 लाखांची मदत नेमकी कुठे अडते

हिंसाचारात सापडून कायमचं अपंगत्व आलेल्या सामान्य नागरिकासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची एक योजना आहे. ती 2008 पासून सुरू आहे, तरी खान्देशात ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. दहशतवादी हल्ला, धार्मिक दंगल, नक्षलवादी हिंसाचार, सीमेपलीकडून होणारा गोळीबार, भूसुरुंग किंवा आयईडीचा (हाताने बनवलेल्या बॉम्बचा) स्फोट या सगळ्यांना ती लागू होते. मृत्यू झाला तर कुटुंबाला आणि कायमचं अपंगत्व आलं तर जखमीला स्वतःला 5 लाख रुपये मिळतात. 2016 पूर्वी ही रक्कम 3 लाख होती. धुळ्यात ऑक्टोबर 2008 आणि जानेवारी 2013 मध्ये दंगली झाल्या तेव्हाही योजना होती, पण जुन्या दराने.

सीमेवरच्या गोळीबाराशी आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण रावेर-सावद्याची केळी ट्रकने थेट उत्तरेला जातात आणि ट्रकवर ड्रायव्हर-क्लीनर आपलेच असतात. गडचिरोलीत रस्त्याच्या कामावर गेलेला मजूर किंवा मुंबईला नोकरीला असलेला मुलगाही आपलाच. घटना कुठे घडली यापेक्षा ती कोणत्या प्रकारची होती आणि माणूस नागरिक होता का, हे इथे महत्त्वाचं. हिंसाचार करणाऱ्याला अर्थातच मदत नाही.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तो तपासते. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आधार, रेशन कार्ड, पासबुक, फोटो हे सगळे आणतात, त्यावर कुणाचा अर्ज अडत नाही. अडतो तो अपंगत्वाच्या दाखल्यावर.

संजय गांधी निराधार योजनेसाठी 40 टक्के अपंगत्व पुरतं. यूडीआयडी कार्डावर (अपंगांच्या सरकारी ओळखपत्रावर) 40 किंवा 45 टक्के दिसले की लोकांना वाटतं, आता सगळीकडे चालेल. या योजनेला मात्र किमान 50 टक्के लागतात, आणि तेही कायमस्वरूपी, म्हणजे पुढे कमी-जास्त होण्याची शक्यता नसलेलं अपंगत्व. दाखल्यावर 'तात्पुरते' असेल तर टक्के 70 असले तरी उपयोग नाही. पाय मोडून दोन महिने झालेला माणूस मेडिकल बोर्डापुढे गेला तर बोर्ड तात्पुरताच दाखला देणार आणि त्यात डॉक्टरांचं काही चुकत नाही. चूक होते ती पुढे. फेरतपासणीची तारीख उलटून जाते, तात्पुरता दाखला तसाच फाइलला लागतो आणि प्रकरण नामंजूर होतं. म्हणून उपचार संपल्यावर, जखम स्थिरावल्यावर पुन्हा बोर्डापुढे जा आणि कायमस्वरूपी दाखला मागा.

याहून मोठं नुकसान वेगळ्याच कारणाने होतं, आणि ते पाहून खरंच जीव तुटतो. स्फोटात माणसाचा पाय जातो, त्याबरोबर कानाचा पडदाही फाटतो. डोक्याला मार लागतो, नजर अधू होते, झोप उडते, मनावर परिणाम होतो. बोर्डापुढे मात्र तो फक्त पाय दाखवतो. ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, कागदावर कुठेच नसतं. एकाहून जास्त अपंगत्वं असतील तर त्यांचा एकत्रित टक्का काढायचं सूत्र ठरलेलं आहे. मोठा आकडा घ्यायचा, 90 मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. पायाचे 40 आणि कानाचे 30 असतील तर एकत्रित जवळजवळ 57 टक्के होतात. नुसत्या पायावर जो अर्ज नामंजूर झाला असता, तो असा पात्र ठरतो. त्यामुळे कान, डोळे, मेंदू, मानसिक आजार, जे जे बिघडलं आहे त्या प्रत्येकाची तपासणी सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, मागा. श्रवणाची चाचणी किंवा मानसोपचार तज्ज्ञ त्या दिवशी नसतील तर पुढची तारीख लिहून घ्या. दाखला राहत्या जिल्ह्यातच काढला पाहिजे असंही नाही. ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथेही अर्ज करता येतो. अक्राणीच्या डोंगरातून नंदुरबारला पुन्हा पुन्हा यायला लावण्यापेक्षा पेशंट रुग्णालयात असतानाच हे विचारलेलं बरं.

दुसरी अडचण म्हणजे माणूस त्याच घटनेत जखमी झाला याचा पुरावा. गडबडीत नातेवाईक त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात, पोलिसांना कळवलं जात नाही आणि एफआयआरमधल्या जखमींच्या यादीत नाव येत नाही. वर्षभराने समिती विचारते, हा तिथे होता कशावरून? नाव राहिलं असेल तर पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब नोंदवायचा लेखी अर्ज द्या, सोबत दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे केसपेपर जोडा. डिस्चार्ज कार्डावर 'पडून मार लागला' असं काहीतरी लिहिलेलं असतं, तेही तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर कोणी करून देत नाही.

नावाचाही घोळ होतो. सातपुड्यात एकाच घरात एकाच्या कागदावर पावरा असतं, दुसऱ्याच्या बारेला. रुग्णालयात नाव ऐकू आलं तसं लिहितात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

कुटुंबातल्या कुणाला याच घटनेमुळे सरकारी नोकरी मिळाली असेल तर ही मदत मिळत नाही. मुख्यमंत्री निधीतून किंवा इतर कुठून सानुग्रह रक्कम मिळाली असेल तर मात्र हरकत नसते, योजनेत तसं स्पष्ट म्हटलं आहे. 'तुम्हाला आधीच पैसे मिळालेत' असं खिडकीवर ऐकून लोक परत जातात. परत जाऊ नका, नकार लेखी मागा.

घटना रेल्वेत, स्थानकावर किंवा प्रतीक्षालयात घडली असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा मार्ग वेगळा आहे. भुसावळसारखं जंक्शन असलेल्या आपल्या भागात हे माहीत हवं. गाडीतला दहशतवादी हल्ला, दंगल, गोळीबार, जाळपोळ हे सगळं रेल्वे कायद्याच्या कलम 123 मध्ये येतं. मृत्यूसाठी भरपाई 8 लाख आहे, जखमींसाठी दुखापतीनुसार ठरते. इथे मुदत एक वर्षाची असते आणि ती घटनेच्या तारखेपासून मोजतात. लोक ती डिस्चार्जपासून किंवा दाखला हातात आल्यापासून मोजतात आणि बाद होतात. उशीर झालाच असेल तर कारणं आणि पुरावे देऊन तो माफ करण्याचा अर्ज दाव्यासोबत करता येतो. तिकीट हरवलं असलं तरी दावा संपत नाही. प्रवासी होतो असं प्रतिज्ञापत्र आणि जोडीला परिस्थिती सांगणारे कागद द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात, नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून प्रवासी असल्याचं नाकारता येत नाही, असं सांगितलं आहे.

50 टक्के भरतच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी ते न्यायालयाच्या आवारात आहे. गुन्हेगार सापडला नसला तरी पीडिताला भरपाईसाठी तिथे थेट अर्ज करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357-अ मध्ये होतं, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची आहे, अर्जात ते कलम लिहूनच द्या. उपचाराचा खर्च तातडीने हवा असेल तर अंतरिम मदतही त्याच अर्जात मागा.

5 लाख मंजूर झाले तरी रक्कम लगेच हातात येत नाही. ती तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत जाते आणि व्याज तिमाहीला बचत खात्यावर येतं. कृत्रिम पाय बसवायला किंवा कर्ज फेडायला त्या पैशांचा भरवसा धरून सावकाराला तारीख देऊ नका. या जखमांच्या पुढच्या उपचारांसाठी जिल्हा आरोग्य यंत्रणेने हेल्थ कार्ड द्यावं अशीही योजनेत तरतूद आहे. ते मागितल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे 5 लाखांच्या अर्जातच त्याची मागणी लिहा.