टेबलावरचा दिवा आणि मुलांचा चष्मा

‘मंद उजेडात वाचल्यानेच मुलांना चष्मा लागतो, टेबलावर प्रखर दिवा लावा, नंबर येणार नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. अपुऱ्या उजेडात डोळे थकतात हे खरेच असल्याने तो सहज पटतो. पण तो थकवा विश्रांतीने जातो.

लांबचे अंधुक दिसते ते बहुधा वाढत्या वयात नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबल्यामुळे. भरपूर प्रकाश पडला की दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा) काही पेशी डोपामिन हे रसायन अधिक सोडतात आणि ते या लांबण्याला आवर घालते, असे आज मानले जाते. कोंबडीच्या पिल्लांवरील प्रयोगांत प्रखर प्रकाशाने लांबणे मंदावले, तर डोपामिनचे कार्य औषधाने रोखताच हा लाभ बराचसा नाहीसा झाला. अर्थात आनुवंशिकता आणि सततचे जवळून वाचन यांचाही वाटा असतोच.

मग दिवा का पुरत नाही? फोनवरील प्रकाशमापक अ‍ॅपने स्वतःच मोजून पाहावे. आकडा ढोबळच येईल, पण चांगल्या उजेडाच्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) भरतात, तर दिवसा झाडाच्या सावलीतही कित्येक हजार. म्हणजे भरपूर प्रकाशासाठी मुलांनी दिवसा बाहेर, सावलीत खेळले तरी चालते; उन्हात तापण्याची, सूर्याकडे पाहण्याची तर मुळीच, गरज नाही. मात्र आधीच लागलेला नंबर बाहेर खेळल्याने उतरत नाही.