आयसोटाइप कंट्रोल आणि एफएमओ : गेटची रेघ कोणाच्या आधाराने ओढावी?

फ्लो सायटोमेट्रीच्या (रंग जोडलेली प्रतिपिंडे घालून एकेका पेशीचा प्रकाश मोजण्याच्या तंत्राच्या) आलेखावर ‘इथून पुढच्या पेशी पॉझिटिव्ह’ अशी रेघ, म्हणजेच गेटची सीमा, ओढताना आयसोटाइप कंट्रोलचा आधार घेतल्याचे प्रबंधांत आणि शोधनिबंधांत अजूनही आढळते आणि दर वेळी मन खट्टू होते, कारण त्या रेघेला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, तो आयसोटाइपला विचारलेलाच नसतो.

आयसोटाइप सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रतिपिंड त्याच वर्गाचे आणि रंगही तोच, पण नमुन्यातील कोणत्याही प्रतिजनाला ते ओळखत नाही. असे प्रतिपिंड पेशींना विनाकारण किती चिकटते, एवढेच त्यावरून कळते.

एफएमओ (फ्लुओरेसन्स मायनस वन) म्हणजे पॅनेलमधील, म्हणजे एकत्र वापरायच्या रंगीत प्रतिपिंडांच्या संचातील, एक रंग वगळून बाकी सगळे रंग घातलेली नळी. वगळलेल्या रंगाच्या चॅनेलमध्ये तरीही जो प्रकाश दिसतो, तो इतर रंगांकडून आलेला असतो, आणि खरी गफलत इथेच होते. ‘कंपेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये सांडलेला प्रकाश वजा करणे) नीट केले आहे, मग दुसऱ्या रंगाचा प्रकाश उरेलच कसा?’ असे अनेकांना वाटते. एफआयटीसी या हिरव्या रंगाचा प्रकाश ५२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असला, तरी त्याची शेपटी पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचते. कंपेन्सेशन प्रत्येक पेशीच्या पीई संकेतातून तिच्या एफआयटीसी संकेताचा ठराविक हिस्सा वजा करते, त्यामुळे सरासरी जागेवर येते. परंतु फोटॉनांची मोजणी मुळातच अनिश्चित असते : सरासरी १०० फोटॉन अपेक्षित असतील तेथे पेशीगणिक सुमारे १० चा चढउतार होतो, १०,००० असतील तेथे सुमारे १०० चा. सरासरी वजा करता येते, हा चढउतार करता येत नाही. म्हणून एफआयटीसीने लखलखणाऱ्या पेशींचा समूह पीईच्या अक्षावर फुगलेला दिसतो, आणि त्याच्या कडेच्या पेशी, त्यांच्यावर पीईचा लवलेश नसतानाही, पॉझिटिव्ह म्हणून मोजल्या जातात. हा फुगवटा कंपेन्सेशनने निर्माण केलेला नसतो; तो आधीपासून असतो, वजाबाकीनंतर नजरेस पडतो इतकेच. रंग न घातलेल्या पेशींत, किंवा एकट्याच घातलेल्या आयसोटाइपच्या नळीत, तो दिसण्याचे कारणच नाही.

सीडी४ या पेशीपृष्ठावरील प्रतिजनासाठी या खटाटोपाची गरज नाही. टी पेशींमध्ये त्याचे दोन समूह सहसा स्पष्ट वेगळे दिसतात. पण सीडी२५ या दुसऱ्या प्रतिजनाचे मूल्य एका टोकाकडून दुसऱ्याकडे सलग सरकत जाते, आणि त्याच्या आधारे नियामक टी पेशी मोजताना रेघ किंचित हलली तरी टक्केवारी बदलते. अशा मंद किंवा सलग पसरलेल्या प्रतिजनासाठी एफएमओ टाळणे मला अक्षम्य वाटते.

मात्र एफएमओ सर्वज्ञ नाही : वगळलेले प्रतिपिंड स्वतः कुठे चुकून चिकटते, हे त्यात दिसत नाही. तरीही त्या कामासाठी आयसोटाइपवर विसंबू नये, कारण दोन प्रतिपिंडांवरील रंगरेणूंची संख्या आणि त्यांची चिकटण्याची प्रवृत्ती सारखी असेलच असे नाही. त्यापेक्षा मोनोसाइटसारख्या पेशींवरील एफसी ग्राहक (कोणत्याही प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारे रेणू) आधी अडवावेत, मृत पेशी जीवनक्षमता दाखवणाऱ्या रंगाने वगळाव्यात, आणि ज्यांच्यावर तो प्रतिजन नसतोच अशा त्याच नमुन्यातील पेशी तुलनेसाठी घ्याव्यात.