‘कोर्ट’चं सुवर्णकमळ आणि नागपूरचा आरोपी

२४ मार्च २०१५ ला ६२ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. टीव्हीवर दिवसभर कंगना राणावत आणि ‘हैदर’ हेच सुरू होतं. ‘हैदर’ला एकूण पाच पुरस्कार होते, त्यामुळे त्यात नवलही नव्हतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मात्र गेलं एका मराठी सिनेमाला, आणि तो तोवर एकाही थिएटरात लागला नव्हता. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला १७ एप्रिलला. मधले तीन-साडेतीन आठवडे लोक न पाहिलेल्या सिनेमावर हिरीरीने भांडत होते.

नागपुरात भांडण जरा वेगळं होतं. पेपरात आलेल्या फोटोतला आरोपी, दाढीवाला शाहीर नारायण कांबळे, इथल्या बऱ्याच जणांना ओळखीचा वाटला. ते वीरा साथीदार होते. ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. मोर्चात, सभेत, पुस्तकांच्या गराड्यात दिसणारा माणूस. नट म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

न पाहिलेल्या सिनेमाला देशातला सर्वोच्च पुरस्कार कसा मिळतो, हा प्रश्न तेव्हा फार विचारला गेला. त्याचं उत्तर नियमात आहे. सिनेमा प्रदर्शित झालेला असावा, अशी या पुरस्कारांची अटच नाही. त्या वर्षात सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं की तो स्पर्धेत. आधी प्रादेशिक समित्या चाळणी लावतात, मग केंद्रीय समिती निवडते. गल्ला, तारे, गाजावाजा यांचा संबंध येत नाही. येऊ नये, असं निदान म्हणतात तरी. आणि ‘कोर्ट’ अगदीच आकाशातून पडला नव्हता. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात त्याने ‘ओरिझोंटी’ विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पहिल्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ असे दोन्ही पुरस्कार घेतले होते. मग मुंबईचा ‘मामि’ महोत्सव. ताम्हाणे तेव्हा २७ वर्षांचा. ज्यांना धक्का बसला, त्यांनी आधीच्या सहा महिन्यांतल्या बातम्या वाचल्या नव्हत्या, एवढंच.

मराठीच्या बाबतीत हे सुरुवातीपासूनच असं आहे. हे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ स्पर्धेत होता. फ्रान्सच्या कान महोत्सवात गौरवला गेलेला तो सिनेमा इथे गुणवत्ता प्रमाणपत्रावर थांबला. आज कोणी असा निकाल दिला, तर समाजमाध्यमांवर आठवडाभर धुरळा उडेल. त्यानंतर मराठीला पन्नास वर्षं काहीच नाही. २००४ मध्ये संदीप सावंतचा ‘श्वास’ आला. त्याला सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करसाठी निवड झाली, आणि अमेरिकेतल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात अक्षरशः वर्गणी गोळा झाली. पुढे २०१२ मध्ये ‘देऊळ’ने ते ‘ब्यारी’बरोबर वाटून घेतलं. मग ‘कोर्ट’. यातला एकही सिनेमा त्या त्या वर्षीचा ‘पैजेचा घोडा’ नव्हता.

पण ‘कोर्ट’वरची नाराजी निकालापेक्षा सिनेमावरच जास्त होती. माझ्याबरोबर तो पाहायला आलेले दोघं मध्यंतरातच उठले. तक्रार अशी की, यात काही घडतच नाही. कथा एवढीच: गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो. शाहीर कांबळेने वस्तीत गाणं म्हटलं, त्यात कामगारांनी गटारात गुदमरून जीव द्यावा असं आवाहन होतं, ते ऐकून त्याने आत्महत्या केली, असा पोलिसांचा आरोप. पुढे तारखा. सरकारी वकील नूतन कागदावरून कलमं वाचते, मग लोकलने घरी जाते, पाळणाघरातून पोराला घेते, स्वयंपाक करते. सिनेमा तिच्याही मागे जातो, बचावाच्या वकिलाच्याही आणि न्यायाधीश सदावर्तेंच्याही. कोणीच खलनायक नाही, आणि नेमकं तेच पचत नाही.

या सिनेमाची खरी परीक्षा आमच्याकडे एका वकील मित्राने घेतली. तीसेक वर्षं जिल्हा न्यायालयात काढलेला माणूस. बाहेर आला आणि म्हणाला, “बाप्पा, हे तं आमचंच बोर्ड चालू हाये.” बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. पुकारा होतो, साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत सांगतो, साहेब ते स्टेनोला इंग्रजीत सांगून लिहून घेतात, आणि ज्याने सांगितलं त्याला आपलं काय झालं ते कळत नाही. स्लीव्हलेस कपडे घालून आलेल्या बाईंची सुनावणी साहेब त्या दिवशी घेतच नाहीत. मित्राला हे सगळं इतकं रोजचं वाटलं की यात टीका कुठे आहे, असं त्याने मलाच विचारलं.

मला मात्र एक साक्ष विसरता येत नाही. मेलेल्या कामगाराची बायको कोर्टात सांगते, तो गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर नाही. ऑक्सिजन मोजायचं त्याचं यंत्र म्हणजे झुरळ. वासासाठी दारू प्यायचा, एक डोळा गॅसने आधीच गेला होता. ती हे ज्या सपाट आवाजात सांगते त्याला अभिनय म्हणावं का, हे कळत नाही. ही भूमिका करणाऱ्या बाईंच्या घरचं आयुष्यही याच कामातलं होतं.

शाहिराला गाण्यासाठी तुरुंग, ही कल्पना ताम्हाणेने हवेतून काढलेली नव्हती. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलाकारांवर बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, खटले सुरू होते. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनाबाहेर पोलिसांपुढे हजर झाले होते. सिनेमातल्या कांबळेलाही जामीन मिळतो आणि नंतर यूएपीएखालीच पुन्हा अटक होते. गाण्यांचं संगीत संभाजी भगतांचं. चळवळीतला शाहीर, चळवळीतलाच आरोपी. जनता ज्यांना ‘त्यांच्यातले’ म्हणते, अशा लोकांनी उभा केलेला सिनेमा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवला जातो, हे काहींना खटकलं आणि काहींना त्यातच मौज वाटली. मी दुसऱ्या गटातला.

सप्टेंबर २०१५ मध्ये वाद पुन्हा पेटला. अमोल पालेकरांच्या अध्यक्षतेखालच्या निवड समितीने भारतातर्फे ऑस्करला ‘कोर्ट’ पाठवायचं ठरवलं. समितीतले दिग्दर्शक राहुल रवैल यांनी राजीनामा दिला आणि बातमी सिनेमाची राहण्याऐवजी समितीचीच झाली. ‘श्वास’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नंतर ऑस्करला गेलेला हा तिसरा मराठी सिनेमा. नामांकन मिळालं नाही. दोन वर्षांनी ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. तेव्हा फारसा आरडाओरडा झाला नाही, बहुधा सवय झाली असावी.

वीरा साथीदारांनी या सगळ्या गदारोळाचं करिअर केलं नाही. ते नागपूरला परतले आणि आधीचंच काम करत राहिले. १३ एप्रिल २०२१ ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांचं इथल्या एम्समध्ये निधन झालं. दुसरी लाट होती, गर्दी करून निरोप देणं शक्य नव्हतं.

दरवर्षी त्यांच्या नावाने एक स्मृतिकार्यक्रम होतो. मे २०२५ मध्ये तो विदर्भ साहित्य संघात झाला आणि तिथे पाकिस्तानी कवी फैजची ‘हम देखेंगे’ ही कविता गायली गेली. तक्रार झाली, आणि सीताबर्डी पोलिसांनी आयोजकांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे देशाची एकता-अखंडता धोक्यात आणल्याच्या आरोपाखाली, गुन्हा नोंदवला.