गाडीत नवा टेप बसवल्यावर स्पीकर गुणगुणतोय? गाडी आणण्याआधी हे ऐकून पाहा

टेप बसवून गाडी दुकानातून बाहेर पडते तेव्हा सगळं छान वाजत असतं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेकडे निघालं, काच वर केली, आवाज थोडा कमी केला, की गाण्यामागे एक बारीक शीळ ऐकू येते. एकदा ऐकू आली की मग तीच ऐकू येत राहते. असे फोन आम्हाला नेहमी येतात आणि जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "स्पीकर गेलाय." कित्येकांची नवे स्पीकर घ्यायचीही तयारी असते. कृपा करून तसं करू नका. स्पीकर फक्त त्याच्यापर्यंत पोचलेला आवाज वाजवून दाखवतो. दोष बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला लागते त्या जोडणीत सापडतो आणि तो कुठे आहे हे ओळखायला लागतो तुमचा कान आणि दहा मिनिटं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा सरकवतात. गाडीतला नको असलेला आवाज शोधायची रीतही तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. चार गोष्टी एकदम हलवल्या तर आवाज गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तो परत येतो.

पहिली पायरी. गाडी शांत जागी लावा. चावी पहिल्या खटक्यावर ठेवा, इंजिन बंद, टेप चालू, आवाज शून्यावर. आता काही ऐकू येतंय का? मग स्टार्टर मारा आणि हलकी रेस द्या. रेसबरोबर शीळ वरच्या पट्टीत चढली आणि पाय काढल्यावर उतरली, तर ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची आहे. अल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो. आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण वर बारीक लहर उरतेच. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास. त्या वाढलेल्या व्होल्टेजवर ही लहर स्वार असते. ती प्रत्येक गाडीत असते, अगदी नव्या गाडीतही. ती स्पीकरपर्यंत जायला तिला वाट कुठून मिळाली, एवढंच शोधायचं. (लाइट मंद-तेज होत असतील किंवा बॅटरी वारंवार उतरत असेल, तर मात्र अल्टरनेटरच तपासून घ्या. मग टेपचा विषय नाही.)

दुसरी पायरी आवाजाच्या बटणाची. आवाज शून्यावर असतानाही शीळ तेवढीच राहत असेल, तर ती टेपच्या पुढे घुसते आहे, म्हणजे ॲम्प (आवाज मोठा करणारी वेगळी पेटी), टेपचा आवाज ॲम्पपर्यंत नेणारी आरसीए वायर किंवा त्यांचं अर्थिंग. आवाज वाढवल्यावर शीळही वाढत असेल, तर ती टेपच्या अलीकडून येते, म्हणजे मोबाइल, चार्जर, अँटेना. मग रेडिओ, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि ऑक्स (फोन वायरीने टेपला जोडायची जागा) एकेक करून लावून पाहा. फक्त ऑक्सवर आणि फोन चार्जिंगला असतानाच आवाज येत असेल, तर चार्जर काढा. शीळ तिथेच थांबेल. फोनचं निगेटिव्ह चार्जरमधूनही गाडीला जोडलं गेलं आणि ऑक्सच्या वायरीतूनही, म्हणून हा फेरा तयार होतो. अशा वेळी ऑक्सच्या वायरीत बसणारा, हा फेरा तोडणारा छोटा आयसोलेटर घालायला हरकत नाही, किंवा सरळ ब्लूटूथ वापरा. फक्त एफएमवर खरखर असेल, तर आधी डॅशकॅम आणि स्वस्तातला चार्जर काढून ऐका. तरीही खरखर राहिली, तर अँटेनाच्या निळ्या वायरीकडे बघा. छतावरच्या अँटेनात बूस्टर असेल तर त्याला बारा व्होल्ट लागतात, आणि टेप बदलताना ती वायर जोडायची राहून जाते.

आता मुख्य विषय. ॲम्प असलेल्या गाडीत टेपची काळी वायर डॅशबोर्डमागे एका जागी बॉडीला लागते आणि ॲम्पची डिकीत दुसऱ्या जागी. दोन्ही म्हणायला बॉडीच. पण पत्र्याच्या सांध्यातून, रंगातून, गंजातून वाट काढताना दोन जागांत किंचित व्होल्टेजचा फरक पडतो. आरसीए वायरची बाहेरची जाळी टेपकडेही निगेटिव्हला असते आणि ॲम्पकडेही. म्हणून तो फरक जाळीतून वाहू लागतो आणि ॲम्प त्यालाच गाणं समजून मोठा करतो. मल्टीमीटर असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. इंजिन चालू ठेवा, गाणं बऱ्यापैकी आवाजात लावा, डीसी व्होल्टची लहान रेंज घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं ॲम्पच्या निगेटिव्ह स्क्रूवर. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं आहे. त्याच्या वर जात असेल तर तिथेच हात घालायचा.

अर्थिंग करणं म्हणजे वायर बोल्टखाली दाबून मोकळं होणं नव्हे. हे आम्ही स्वतः एक चूक करून शिकलो. तासगावकडच्या एका ग्राहकाची गाडी याच शिळेसाठी तीन वेळा आली. आम्ही आरसीए बदलली, मग ॲम्पही बदलून पाहिला. शेवटी बोल्ट खोलला तेव्हा दिसलं, की थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) घट्ट बसलं होतं, पण पत्र्यावर नाही, गंज लागू नये म्हणून मारलेल्या काळ्या थरावर. दोष आमच्या हाताचा होता. तेव्हापासून आमच्याकडे ही पद्धत ठरलेली आहे. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासायची, पत्रा चांदीसारखा चकाकेपर्यंत. थिंबल वायरीवर नीट दाबून बसवायचं, नुसतं पिळून चिकटपट्टी गुंडाळायची नाही. खाली दातेरी वॉशर, मग बोल्ट, आणि पक्कं झाल्यावर वरून ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात तिथे गंज धरत नाही. वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि लांबीला दीड फुटाच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नका, तो जीव वाचवणारा बोल्ट आहे. डिकीत नवं भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि पाइप तिथेच असतात.

सांगलीत या सगळ्याला आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, पुराची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या, काही विकल्याही गेल्या. सीटची कव्हरं बदलली जातात, पण पायाशी आणि दरवाजाच्या उंबऱ्याखाली असलेले अर्थिंगचे बोल्ट कुणी उघडत नाही. कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) खोलून पाहिला की पिनांवर हिरवट पूड दिसते, नखाने खरवडली तर हातात येते. अशा गाडीत टेप कितीही भारी बसवा, खरखर राहणारच. सेकंडहँड गाडी असेल तर तसं आम्हाला आधी सांगा. टेप बसवण्याआधी आम्ही हे बोल्ट साफ करून घेतो. त्याला तासभर जास्त लागतो आणि तो तास वाया जात नाही.

वायरी कुठून नेल्यात यालाही महत्त्व आहे. बॅटरीकडून डिकीत जाणारी जाड वायर एका बाजूच्या उंबऱ्यातून आणि आरसीए दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधल्या तर शेजारधर्म म्हणून शीळ आरसीएत उतरते. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. जाड वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो आवाजासाठी नाही, गाडी पेटू नये म्हणून.

टेप चालू असताना आरसीएच्या पिना काढू-घालू नका. काही टेपमध्ये आरसीएच्या निगेटिव्हवर आत नाजूक फ्यूज असतो. ठिणगी पडली की तो जातो आणि त्या दिवसापासून शीळ सुरू होते. शंका असेल तर वायरीचा एक तुकडा घ्या, एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं टेपच्या धातूच्या पेटीला टेकवा. शीळ गेली तर दोष तिथेच आहे.

एकाच दरवाजातून घरघर येत असेल, तीही जड ठेक्यावरच, तर बहुतेकदा ती वीजेची नसते. दरवाजाच्या कप्प्यातली पाण्याची बाटली आणि सुटे पैसे काढा. गाणं चालू असताना दरवाजाचं पॅड तळहाताने दाबून बघा. आवाज थांबला तर क्लिप तुटलीय. थांबला नाही तर टेप बंद करून जाळी काढा आणि स्पीकरच्या कोनावर, म्हणजे मधल्या पडद्यावर चार बोटं चारी बाजूंनी ठेवून हळूच आत दाबा. कागदावर नख ओढल्यासारखं काही घासलं तर आतली कॉइल खेटते आहे. तेव्हा मात्र स्पीकर गेला हे खरं. आणि खोक्यावर ५० वॅट गुणिले चार लिहिलेलं असलं तरी बारा व्होल्टवर चालणारा टेप एका स्पीकरला प्रत्यक्षात साधारण १५ ते २० वॅटच देतो. आवाज टोकाला आणि बास पूर्ण उघडा ठेवला तर कुठलाही स्पीकर फाटल्यासारखा वाजेल. बास दोन घरं खाली आणा आणि पुन्हा ऐका.

जुनी गाडी स्वतः उघडत असाल तर दोन गोष्टी. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लावलेली दिसली तर नवा टेप तशाच जोडणीवर चालू करू नका, आतला आयसी जळतो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी लागतात. रंग सहसा असे असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि ज्यावर काळी रेघ ती निगेटिव्ह. पण कंपनीच्या वायरिंगवर हे रंग गृहीत धरू नका, तिथे प्रत्येक गाडीचा हिशेब वेगळा. आणि ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिथे डॅशबोर्डमधल्या पिवळ्या आवरणाच्या कपलरला हात लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा.

बाजारात नॉइज फिल्टर मिळतो आणि घाईत तोच आधी घेतला जातो. आमचं मत स्पष्ट आहे. अर्थिंग तपासल्याशिवाय फिल्टर घेऊ नये. आरसीएमध्ये बसणारे स्वस्त फिल्टर शीळ कमी करतात, पण सोबत खालचा बासही खातात. मूळ दोष आत तसाच राहतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर गाडी घेऊन या. येताना नेहमी वापरता तो फोन, तोच चार्जर आणि ऑक्सची वायर आणा, कारण दुसऱ्याच्या चार्जरवर आवाज आलाच नाही तर दोघांचाही वेळ जातो. रेसबरोबर आवाज चढतो का, शून्यावर राहतो का, कोणत्या स्पीकरमधून येतो, ही तीन उत्तरं इथेच पानाच्या मागे लिहून ठेवा. आम्ही बसवलेल्या टेपच्या तपासणीचे पैसे घेत नाही. दुसरीकडे बसवलेला असेल तरी गाडी बघू, पण वायरिंग खोलण्याआधी खर्च सांगू आणि तुम्ही हो म्हटल्यावरच स्क्रूला हात लावू.