मानसशास्त्रातील संशोधन पद्धती व संख्याशास्त्र : विद्यापीठीय शिक्षण

मानवी वर्तनाविषयीचे प्रश्न तपासता येतील अशा रूपात मांडणे, त्यासाठी प्रयोग, चाचणी, सर्वेक्षण किंवा मुलाखतीची आखणी करणे आणि हाती आलेल्या माहितीवरून कितपत निष्कर्ष काढता येतो हे ठरवणे, याचे शिक्षण मानसशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात सक्तीचे असते. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेल्या पदवीत प्रत्यक्ष माहिती गोळा करून केलेला स्वतंत्र प्रकल्प उत्तीर्ण व्हावाच लागतो. भारतात प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी घेतल्या जाणाऱ्या यूजीसी-नेट परीक्षेच्या मानसशास्त्र विषयात 'संशोधन पद्धती व संख्याशास्त्र' हा वेगळा घटक आहे.

तरीही विद्यार्थ्यांना सर्वांत परका वाटणारा भाग हाच. माणसे समजून घ्यायची, समुपदेशन करायचे, या ओढीने कला शाखेत आलेल्या आणि अकरावी-बारावीला गणित न घेतलेल्या मुलामुलींसमोर अचानक प्रमाण विचलनाचे, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे, सूत्र येते. ही धास्ती इतकी सार्वत्रिक आहे की ती मोजणारी मापनश्रेणीच १९८५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. संख्येची भीतीही संख्येतच मोजावी, हे मानसशास्त्राच्या स्वभावाला धरूनच झाले.

दोन प्रवाह

या विषयाचे मूळ दोन वेगळ्या परंपरांत आहे. पहिली जर्मन प्रयोगशाळेची. गुस्टाफ फेखनर यांनी १८६० मध्ये उद्दीपक आणि संवेदन यांतील संबंध सूत्रात बांधला आणि व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली. येथे सर्व भर परिस्थिती बदलून परिणाम पाहण्यावर होता. दुसरी परंपरा इंग्लंडची. फ्रान्सिस गॉल्टन, कार्ल पिअर्सन आणि चार्ल्स स्पिअरमन यांना माणसामाणसांतल्या फरकांत रस होता. त्यातून दोन गोष्टी कितपत जोडीने बदलतात हे सांगणारा सहसंबंध गुणक आला आणि १९०४ मध्ये स्पिअरमन यांनी बुद्धीचा 'सामान्य घटक' मांडला. या दोन प्रवाहांचे एकमेकांशी बोलणे नाही, अशी तक्रार ली क्रॉनबॅक यांनी १९५७ मध्ये केली होती. आजच्या अभ्यासक्रमातही ही शिवण दिसते. प्रयोगाचा पेपर वेगळा, चाचण्यांचा वेगळा, आणि दोन्हींना लागणारे संख्याशास्त्र एकच असूनही ते दोनदा, दोन तऱ्हांनी शिकवले जाते.

भारतात हा विषय प्रयोगशाळेच्या वाटेने आला. कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या पुढाकाराने पदव्युत्तर अध्यापन सुरू झाले. ते हार्वर्डला शिकून आलेले होते. चाचण्यांच्या प्रवाहाशी मराठीचा संबंध बराच जुना आहे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी प्रमाणीकरण केले. पॅरिसच्या मुलांसाठी १९०५ मध्ये बनलेले प्रश्न नुसते भाषांतरित करून चालत नाहीत. कोणता प्रश्न इथल्या किती वर्षांच्या मुलाला जमतो हे मुलांनाच विचारून ठरवावे लागते आणि त्यावरून मानके नव्याने बांधावी लागतात. 'प्रमाणीकरण' शिकवताना परदेशी उदाहरणांपेक्षा बिने-कामत चाचणी अधिक उपयोगी पडते, कारण ती अजूनही वापरात असल्याने जुनी मानके किती काळ चालवावीत हा प्रश्नही तिच्यातूनच निघतो.

प्रॅक्टिकल

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पद्धतीचे खरे शिक्षण व्याख्यानापेक्षा प्रॅक्टिकलच्या तासाला होते. एक विद्यार्थी प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. सूचना वाचून दाखवायच्या, नोंदी घ्यायच्या, शेवटी प्रयुक्ताचा आत्मनिरीक्षण अहवाल घ्यायचा आणि सगळे जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, उतरवायचे. आरशात पाहून चांदणी गिरवणे, स्मृतिविस्तार, स्ट्रूप परिणाम (शब्दाचा अर्थ आणि त्याच्या शाईचा रंग यांतला गोंधळ) हे नेहमीचे प्रयोग.

त्यांतला म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. टोकांना आत आणि बाहेर वळलेले बाण असलेल्या दोन रेषा. सारख्या असल्या तरी त्या लहानमोठ्या दिसतात. प्रयुक्ताने एक रेषा सरकवून दुसरीएवढी करायची. भ्रम होतो हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे शोध लावण्यासारखे काही नसते. पण निम्म्या वेळा बदलती रेषा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे ठेवतात. निम्म्या वेळा ती मुद्दाम जास्त लांब ठेवून कमी करायला सांगतात, निम्म्या वेळा उलट. असे केले नाही तर डाव्या बाजूची सवय किंवा हात थांबवण्यातला उशीर भ्रमाच्या मापात मिसळतो. बाजूमुळे येणारी अवकाश-त्रुटी आणि हातामुळे येणारी हालचाल-त्रुटी वेगळ्या काढल्या की भ्रमाची सरासरी मिलिमीटरमध्ये उरते. नियंत्रण आणि प्रतिसंतुलन (बाजू व क्रम आलटून-पालटून घेणे) या संकल्पना पाठ करून जितक्या कळत नाहीत, तितक्या या तासाभरात कळतात.

याच तासाला एक वाईट सवयही लागते. अपेक्षित निष्कर्ष पुस्तकात छापलेला असतो, परीक्षक तोच शोधतो, म्हणून आलेले आकडे गैरसोयीचे असले की ते 'बसवले' जातात. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून थोडे बदलून उतरवणे हाही राजमार्ग. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांचे प्रकरण २०११ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षे आकडे घरी बसून रचल्याचे आणि असे तयार आकडे आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही दिल्याचे स्पष्ट झाले. त्यांचे ५८ शोधनिबंध मागे घेतले गेले. जर्नलमधले बसवलेले आकडे आणि हे यांत प्रमाणाचा फरक मोठा आहे. जात मात्र एकच.

सार्थकतेचा घोळ

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे सार्थकता चाचणी, म्हणजे दिसलेला फरक नुसत्या योगायोगाने येण्यासारखा आहे का याची तपासणी. शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक, मांडा, टी किंवा एफ हे संख्यामान काढा, पुस्तकामागच्या कोष्टकातली 'टेबल व्हॅल्यू' पाहा. आपली किंमत तिच्याहून मोठी असेल तर शून्य परिकल्पना नाकारा. प्रत्येकी २० जणांचे दोन गट असतील तर स्वातंत्र्यमात्रा ३८ (एकूण ४० वजा २) आणि ०.०५, म्हणजे पाच टक्के, पातळीवर टेबल व्हॅल्यू २.०२. ही कृती विद्यार्थी दोन आठवड्यांत शिकतात. तिचा अर्थ अनेकदा आयुष्यभर लागत नाही.

याचे एक कारण इतिहासात आहे. जी एकच पद्धत म्हणून शिकवली जाते, ती दोन परस्परविरोधी पद्धतींची सरमिसळ आहे. टी वितरण १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. लेखक विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होते. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ते संशोधकांच्या हाती दिले. फिशर यांच्या दृष्टीने पी-मूल्य हा शून्य परिकल्पनेविरुद्धचा पुरावा होता. पर्यायी परिकल्पनेची त्यांना गरज नव्हती. येझी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये वेगळीच चौकट मांडली. दोन परिकल्पना, दोन प्रकारच्या चुका, आणि प्रयोगाआधीच ठरवलेला निर्णयाचा नियम. फिशर आणि इगॉन पिअर्सन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर होते आणि भेट टळावी म्हणून दोन्ही विभागांच्या चहाच्या वेळाही वेगळ्या असत, असे सांगतात. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी १९४० नंतर या दोघांना न विचारता त्यांचे लग्न लावून दिले. गेर्ड गिगेरेन्झर यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला आहे.

परिणाम मोजला गेला आहे. जर्मनीतील सहा विद्यापीठांत हालर आणि क्राउस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पी-मूल्याच्या अर्थाविषयी सहा विधाने दिली होती, सहाही चूक. मानसशास्त्राच्या सर्व विद्यार्थ्यांनी त्यांतले किमान एक बरोबर मानले. पद्धतीचा विषय न शिकवणाऱ्या संशोधकांत हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते, आणि तो विषय शिकवणाऱ्यांत ८० टक्के. सर्वांत लोकप्रिय गैरसमज म्हणजे पी ०.०१ आला तर शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता एक टक्का. पी-मूल्य ते सांगत नाही. शून्य परिकल्पना खरी आहे असे धरले, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा येईल, एवढेच ते सांगते.

दुसरा घोळ नमुन्याच्या आकाराचा. एम.ए.च्या प्रबंधिकेत ३० मुलगे आणि ३० मुली घेण्याची प्रथा रूढ आहे, कारण '३० च्या वर मोठा नमुना' असे शिकवलेले असते. तो नियम टी वितरण ३० च्या पुढे घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाच्या जवळ जाते म्हणून आला. खरा फरक पकडण्याशी त्याचा संबंध नाही. जेकब कोहेन यांच्या मापात मध्यम फरक म्हणजे प्रमाण विचलनाच्या निम्मा. असा फरक खरोखर अस्तित्वात असला, तरी ३०-३० च्या गटांत तो सार्थक ठरण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते. ८० टक्के हवी असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. कोहेन यांनी १९६२ मध्ये एका नामांकित नियतकालिकाचे वर्षभराचे निबंध तपासले, तेव्हा मध्यम फरकासाठी सरासरी शक्ती, म्हणजे खरा फरक पकडण्याची शक्यता, ०.४८ च निघाली होती. १९८९ मध्ये इतर संशोधकांनी पुन्हा पाहिले तरी सुधारणा नव्हती. 'फरक आढळला नाही' या वाक्याने संपणाऱ्या कितीतरी प्रबंधिकांना फरक सापडण्याची पुरती संधीच मिळालेली नसते.

२०११ नंतर

२०११ मध्ये डॅरिल बेम यांनी भविष्यातील घटना आधी जाणवतात असा दावा नऊ प्रयोगांसह एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला. वापरलेल्या पद्धती नेहमीच्याच होत्या, आणि अस्वस्थतेचे कारण तेच. त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी दाखवले की नमुना मध्येच वाढवणे, दोनांपैकी सोयीचे माप निवडणे, एखादी परिस्थिती वगळणे, लिंगभेद हिशेबात घेऊन पाहणे, या चार निरुपद्रवी वाटणाऱ्या सवलती एकत्र घेतल्या तर खोटा निकाल सार्थक ठरण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर जाते. २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के.

यामुळे अध्यापन बदलू लागले. परिकल्पना आणि विश्लेषण आधीच नोंदवून ठेवणे, परिणामाचे परिमाण (फरक केवढा) व विश्वास-अंतराल (अंदाज कुठपासून कुठपर्यंत) देणे, माहिती खुली ठेवणे हे अनेक विभागांत पदवीलाच शिकवतात. १९६८ पासूनच्या एसपीएसएस या संगणक प्रणालीच्या जोडीला आर आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले जास्प या मोफत प्रणाली आल्या. आपल्याकडे परीक्षेत मात्र अजून सिग्मा-एक्स-वर्गाची बेरीज हातानेच करायची असते. हाताने एकदा करावी, याला हरकत नाही. सहसंबंध गुणक कशाने वाढतो ते त्यातूनच कळते. पण फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ मध्ये मांडलेले चार आकडेसंच, ज्यांची सरासरी, विचलन आणि सहसंबंध सारखे असून आलेख पूर्ण वेगळे दिसतात, ते दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

गुणात्मक पद्धती, म्हणजे मुलाखती, गटचर्चा, आशयसूत्रांचे विश्लेषण, यांना अभ्यासक्रमात उशिरा आणि थोडी जागा मिळाली. नीतितत्त्वांचा पाठ स्टॅनली मिलग्रम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगांपासून (ज्यांत आपण दुसऱ्याला विजेचे धक्के देत आहोत असे प्रयुक्तांना भासवले होते) सुरू होतो आणि भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर येतो.

नमुना कुणाचा, हा प्रश्न अधिक कठीण आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवले की अमेरिकेतील प्रमुख नियतकालिकांतील ९६ टक्के प्रयुक्त जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले आहेत. इथल्या प्रबंधिका त्यावर उतारा ठरू शकतात, पण व्हॉट्सॲपवर फिरवलेला गुगल फॉर्म आपल्याच वर्गातल्या, आपल्याच शहरातल्या, इंग्रजी वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत पोहोचतो.

यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. एकट्या विद्यार्थ्याला १२८ प्रयुक्त (६४ चे दोन गट) मिळवणे अवघड असते, म्हणून अमेरिकेत सुरू झालेल्या 'कोलॅबरेटिव्ह रेप्लिकेशन्स अँड एज्युकेशन प्रोजेक्ट'मध्ये वेगवेगळ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी एकाच अभ्यासाची पुनरावृत्ती करतात आणि आकडे एकत्र केले जातात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत याची निम्मी तयारी आधीच आहे. एका विद्यापीठाच्या सर्व महाविद्यालयांना अभ्यासक्रम एक, प्रयोगांची यादी एक, जर्नलचा साचाही बहुधा एकच. राहते ती नोंदी जमा करण्याची व्यवस्था.