पल्सजेटची पत्ती : जुनं दुखणं आणि ठाण्या-नवी मुंबईतला बाजार

पल्सजेट म्हणजे ठोक्याठोक्याने इंधन जाळून मागे झोत सोडणारं साधं जेट इंजिन. त्यात हलणारा भाग एकच, पुढच्या तोंडावरची झडप. बाकी सगळी नळी. घरी इंजिन करायला घेणाऱ्याचं नळीपाशी फारसं अडत नाही. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात रसायन आणि औषध कंपन्यांचं पायपिंग करणारे फॅब्रिकेटर आहेत. ३०४ स्टेनलेसचा एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा रोल करून टिग वेल्डिंग मारणं हे त्यांचं रोजचं काम. घोडं अडतं ते झडपेच्या पत्तीपाशी. कागदासारखी पातळ, स्प्रिंगसारखी कडक आणि ज्वाळेच्या तोंडाशी तग धरणारी पत्ती हवी असते, आणि ती ‘पल्सजेटची पत्ती’ म्हणून कुठल्याच दुकानात मिळत नाही. हे दुखणं आजचं नाही. या इंजिनाचा बहुतेक इतिहास याच पत्तीभोवती फिरला आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. नळीत हवा आणि इंधन पेटलं की दाब चढतो, पत्त्या आपल्या जागी आपटून बसतात आणि गरम वायू मागच्या शेपटीतून सुटतो. सुटताना तो स्वतःच्या वेगामुळे गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, म्हणून आतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली येतो. तेवढ्यात पत्त्या उघडतात, ताजी हवा आत येते आणि मागे उरलेल्या गरम वायूवर पुन्हा पेट घेते. स्पार्क प्लग फक्त सुरू करताना लागतो. ठोक्यांचा वेग नळीची लांबी ठरवते. एक तोंड बंद असलेली नळी म्हणून हिशेब केला तर गरम वायूतला ध्वनीचा वेग भागिले लांबीच्या चौपट. हा वेग सेकंदाला ६०० मीटर धरला तर ९० सेंटिमीटरच्या नळीत सेकंदाला सुमारे १६५ ठोके बसतात. दहा मिनिटं इंजिन चाललं तर प्रत्येक पत्ती एक लाखाच्या आसपास वेळा उघडून आपटलेली असते.

फ्रान्समध्ये व्हिक्तोर काराव्होदिन याने १९०६ मध्ये झडपेच्या स्पंदन-ज्वलन यंत्राचं पेटंट घेतलं. त्यातून सुटणाऱ्या झोतावर लहान टर्बाइन फिरवायचं होतं. पाठोपाठ जॉर्ज मार्कोने याने झडपच काढून टाकलेली रचना मांडली. म्हणजे झडप हवी की नको हा वाद या इंजिनाइतकाच जुना आहे.

म्युनिकच्या पाउल श्मिट याने १९३० च्या सुमारास झडपेच्या नळीवर चिकाटीने काम सुरू केलं. बर्लिनच्या आर्गुस कंपनीत फ्रिट्झ गोसलाउ याच प्रश्नावर वेगळ्या वाटेने पोचला होता. दोन्ही कामं एकत्र आली आणि आर्गुस १०९-०१४ हे इंजिन तयार झालं. तेच जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बवर बसलं. १३ जून १९४४ रोजी तो पहिल्यांदा लंडनवर पडला. हे बॉम्ब बनवण्यासाठी नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यात छळछावणीतल्या कैद्यांना राबवलं गेलं. इंजिनाच्या कौतुकात ही गोष्ट बाजूला टाकता येत नाही.

या इंजिनाच्या तोंडावर एक जाळी होती आणि तिच्यात स्प्रिंग स्टीलच्या चिंचोळ्या पत्त्यांच्या रांगा. नळी साडेतीन मीटरच्या आसपास, ठोके सेकंदाला ४५ ते ५०. पत्त्यांचं आयुष्य सुमारे अर्धा तास, आणि बॉम्बचा प्रवास साधारण तेवढ्याच वेळाचा. पत्ती जास्त टिकवायची गरजच नव्हती. म्हणून युद्ध संपलं तेव्हा नळीचं गणित पुष्कळ पुढे गेलेलं होतं, पण टिकाऊ पत्तीचा प्रश्न तिथेच होता.

आता घरातला फ्रिज पाहा. त्याच्या कॉम्प्रेसरची मोटर मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे आतली पत्ती सेकंदाला ४८ वेळा उघडते. व्ही-१ च्या पत्तीचाही वेग जवळपास हाच. तरी फ्रिजची पत्ती वर्षानुवर्षं चालते. तेव्हा नुसत्या वाकण्याने पत्ती मरत नाही. तिला मारतात दोन गोष्टी, उष्णता आणि बसताना लागणारा दणका. पत्ती निवडताना आणि बसवताना लक्ष याच दोन गोष्टींवर हवं.

युद्धानंतर अमेरिकेत डायनाजेट हे छोटं इंजिन विकायला आलं आणि पल्सजेट छंद म्हणून रुजला. लांबी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, जोर सुमारे दोन किलो. त्याने झडपेची जाळी काढून फुलाच्या आकाराची एकच पत्ती आणली. मधे बोल्टचं भोक, भोवती पाकळ्या, प्रत्येक पाकळी ॲल्युमिनियमच्या तबकडीतलं एक भोक झाकते. फुटली तर एक बोल्ट काढून नवी टाकायची. आज घरी होणारी झडपेची बहुतेक इंजिनं याच रचनेवर बेतलेली असतात.

दुसरी वाटही चालू राहिली. फ्रान्समध्ये स्नेक्मा कंपनीने १९५० च्या दशकात बिनझडपेची इंजिनं केली, अमेरिकेत हिलर कंपनीत लॉकवुडने इंग्रजी यू आकाराची नळी विकसित केली. त्यात पत्ती फुटायचा प्रश्नच नाही. पण तेवढ्याच जोरासाठी नळी बरीच मोठी होते आणि मापं चुकली तर इंजिन धरतच नाही. पहिल्या इंजिनाला फुलाची झडप बरी, असं आमचं मत आहे.

पत्तीचा माल कुठला? ९० सेंटिमीटरपर्यंतच्या नळीला ०.१५ मिलिमीटर जाडीचं, पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-गार करून कडक केलेलं, निळं स्प्रिंग स्टील लागतं. कार्बन ०.७५ ते ०.९५ टक्के, बाजारात सी-७५ किंवा १०९५ म्हणून मागायचं. जाडीत घाई करू नये. कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ०.२० ची पत्ती ०.१५ पेक्षा जवळपास अडीच पट कडक असते आणि लहान नळीत पुरती उघडतच नाही. ०.२० ते ०.२५ मोठ्या इंजिनासाठी. गंज चालत नसेल तर ३०१ फुल हार्ड स्टेनलेस घ्यावं. दुकानात ‘स्टेनलेस शिम’ (मापाच्या जाडीचा पातळ पत्रा) म्हणून बहुधा ३०४ पुढे करतात. ते वाकवून सोडल्यावर स्प्रिंगसारखं सरळ होत नाही, घेऊ नये. पितळी शिम तर नाहीच.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल टनात फिरतो, हातभर स्प्रिंग पत्तीसाठी तिथे कुणी कॉइल उघडत नाही. विचारायचं ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या डाय आणि प्रेस टूलच्या गाळ्यांत. त्यांच्याकडे शिम आणि स्प्रिंग पत्तीचे तुकडे पडलेले असतात. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडे जळालेले कॉम्प्रेसर असतात. त्यांतल्या पत्त्या उत्तम पोलादाच्या असतात, पण आकाराने लहान. फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्याची) पाती १२ ते १३ मिलिमीटर रुंद असतात, म्हणून ती आर्गुससारख्या रांगेच्या झडपेला चालतात. फुलाला ६५ ते ७५ मिलिमीटर रुंद पट्टी लागते. दोन-स्ट्रोक मोटरसायकलच्या फायबर पत्त्या ज्वाळेपुढे टिकत नाहीत.

माल घेताना दुकानातच परीक्षा करावी. पट्टी २५ मिलिमीटर जाडीच्या सळईभोवती गुंडाळून सोडायची. ०.१५ चं खरं स्प्रिंग स्टील सरळ होतं, नरम पत्रा गोलाई धरून ठेवतो.

कापण्यात पुष्कळ माल वाया जातो. कात्रीने कड वळते आणि तिथे बारीक चिरा पडतात. लेझरने कडेचं पाणी उतरतं. आठ-दहा पट्ट्या दोन जाड पाट्यांत आवळून वायर-कट (तारेच्या विद्युत ठिणगीने कापणं) केला तर कड बरी येते. सगळ्यांत चांगलं काम एचिंगचं, म्हणजे रसायनाने धातू खाऊन आकार काढण्याचं. एमआयडीसीत स्टेनलेसच्या नेमप्लेट करणारे फेरिक क्लोराइड वापरतात. त्यांना फुलाचं रेखाचित्र दिलं तर बर (कापताना कडेला उरणारा खरखरीत काठ) नाही, उष्णता नाही, अशी पाकळी मिळते. तरीही १००० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा लांबीच्या दिशेने फिरवून घ्याव्यात.

तबकडीचा चेहरा काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करावा. पाकळीने भोकाच्या कडेबाहेर एक ते दीड मिलिमीटर झाकलं पाहिजे. मागे वाटीच्या आकाराचा रिटेनर असतो, पाकळी उघडताना त्याच्या गोलाईवर टेकते. त्रिज्या ५० मिलिमीटर ठेवली तर १८ मिलिमीटरच्या पाकळीचं टोक तीन मिलिमीटरच्या थोडं वर उठतं आणि ०.१५ पत्तीत ताण ३०० मेगापास्कलच्या आसपास राहतो. हीच त्रिज्या १५ केली तर ताण १००० च्या पुढे जातो आणि पाकळ्या बुडाशी तुटू लागतात.

फुटलेली पत्ती फेकू नये, तिच्यावर कारण वाचता येतं. बुडाशी आडवी चीर म्हणजे रिटेनर जास्त वळलेला किंवा कडेला बर राहिलेला. टोक झिरमिळ्या झालेलं म्हणजे पाकळी गरजेपेक्षा जास्त उघडते किंवा तबकडी सपाट नाही. टोक काळपट-राखाडी आणि नरम म्हणजे पाणी उतरलं. कार्बन स्प्रिंग स्टील ३०० अंशांच्या वर गेलं की कडकपणा सोडू लागतं.

आणि हे पाणी इंजिन चालू असताना जितकं उतरतं, त्याहून जास्त ते बंद केल्यावर उतरतं. चालताना आत येणारी हवा आणि इंधन पत्ती गार ठेवतात. इंधन तोडलं की लाल झालेल्या नळीची उष्णता पुढे सरकते. म्हणून आधी इंधन पूर्ण बंद करावं, पण इंजिन सुरू करताना ज्या नळीने हवा मारली ती तोंडाशी धरून ठेवावी. नळीचा लालपणा जाऊन पुढचं टोक हात जवळ नेण्याइतकं गार होईपर्यंत हवा सोडू नये.

चाचणी गाळ्यात करू नये. वायू विषारी, नळी लाल, आणि आवाज जवळून १२० डेसिबलच्या वर. ध्वनी नियमांप्रमाणे औद्योगिक भागात दिवसाची मर्यादा ७५ आणि निवासी भागात ५५ आहे, म्हणजे इमारतीच्या आवारातही हे बसत नाही. उघडी जागा आणि मालकाची परवानगी लागते. कानात प्लग आणि वर इअरमफ दोन्ही घालावेत. अग्निशामक हाताशी असावा, झडपेच्या समोर किंवा शेपटीच्या रेषेत कुणी उभं राहू नये. इंजिन जमिनीला बोल्ट केलेल्या चौकटीवरच चालवावं. गॅसवर चालवायचं असेल तर घरगुती सिलिंडर वापरणं बेकायदा आहे, व्यावसायिक सिलिंडर घ्यावा आणि तो उभाच ठेवावा. आडवा पडला तर द्रवरूप गॅस नळीत येतो आणि इंजिन पहिल्यांदा पेटतानाच पत्त्या जातात.